पेशीतील हुकूमनामे आणि त्यांचे रखवालदार



इंदिरानगरात सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या निम्म्या गप्पा रक्तातील साखरेच्या आकड्यांभोवती फिरत असतात. तेव्हा इन्शुलिन म्हणजे काय, हे आपणांस सांगत बसण्याचे कारण नाही. जेवणानंतर रक्तातील साखर चढते, स्वादुपिंडातील ठराविक पेशी आपल्या कोठीतील इन्शुलिन रक्तात सोडतात, आणि साखर उतरू लागते. येथवर बहुतेकांस ठाऊक असते. पण कोठी रिकामी झाली म्हणजे ती पुन्हा भरली पाहिजे. ह्या पेशी नवे इन्शुलिन तयार करण्याच्या कामाला लागतात, आणि तेही अशा झपाट्याने की तासाभराच्या आत निर्मितीचा वेग कितीतरी पटींनी वाढतो.

आता मौज अशी की, ह्या तासाभरात इन्शुलिन तयार करण्याचे हुकूम मात्र वाढलेले नसतात. जपानमधील इतोह आणि ओकामोतो ह्या संशोधकांनी १९८० साली ही गोष्ट दाखवून दिली. हुकमांच्या प्रती होत्या तेवढ्याच आणि काम मात्र अनेक पट! कारकून तेच, कागद तेवढेच, तरी दुपारी अचानक कचेरीत एवढी धांदल का उडावी? ह्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात पुण्याच्या एका प्रयोगशाळेचा वाटा आहे. तेथवर पोचण्यापूर्वी हुकूम म्हणजे काय आणि त्यावर कोणाची सत्ता चालते, एवढे पाहू.

आपल्या पेशींच्या केंद्रकात डी.एन.ए. नावाचे मूळ दप्तर असते. हे दप्तर केंद्रकाबाहेर जात नाही. ज्या प्रथिनाची गरज पडेल त्याच्या मजकुराची नक्कल काढली जाते आणि ती नक्कल बाहेर पाठवली जाते. ह्या नकलेस संदेशवाही आर.एन.ए. म्हणतात, आपण तिला हुकूम म्हणू. असा एक अल्पजीवी निरोप्या असतो, हे ब्रेनर, जेकब आणि मेसेलसन ह्यांनी १९६१ साली प्रयोगाने सिद्ध केले. हुकमाची लिपी चार अक्षरांची: ए, यू, जी आणि सी. केंद्रकाबाहेर रायबोसोम नावाची यंत्रे असतात. ती हा मजकूर तीन-तीन अक्षरांनी वाचत जातात आणि प्रत्येक तीन अक्षरांमागे एक अमिनो आम्ल ओवतात. माळ पुरी झाली की ती घडी घालून प्रथिन होते. ह्या वाचनालाच शास्त्रज्ञ भाषांतर म्हणतात, कारण अक्षरांच्या भाषेतून प्रथिनांच्या भाषेत जाणे हे खरोखरच भाषांतर होय.

पुष्कळ वर्षे असा समज होता की, सारा ताबा नक्कल काढण्याच्या पायरीवरच आहे. हवे असेल तर नक्कल काढावी, नको असेल तर काढू नये, म्हणजे झाले. हे खोटे नाही, पण अपुरे आहे. नाशिकरोडला नोट छापून झाली म्हणजे ती कोणाच्या खिशात पडली असे होत नाही. छापली गेली, पण तिजोरीतच राहिली, असे होऊ शकते. आणि चलनात आलेली नोट किती दिवस चालावी व केव्हा परत घेऊन नष्ट करावी, हाही वेगळाच व्यवहार आहे. हुकमांचेही तसेच. लिहिलेला हुकूम वाचला जाईल की नाही, आणि वाचला गेला तर किती दिवस जिवंत राहील, हे दोन प्रश्न नक्कल निघाल्यानंतरचे आहेत. ते सोडवणारी जी मंडळी, ती म्हणजे आर.एन.ए.ला बिलगणारी प्रथिने. मानवी शरीरात अशी सुमारे १५०० प्रथिने मोजली गेली आहेत. त्यांपैकी दोनचारांचीच ओळख आज करून घेऊ. एका संध्याकाळी सर्वांच्या घरी जाणे शक्य नाही.

प्रथम हुकमाचा कागद कसा असतो ते पाहा. मराठेशाहीतील पत्रे ज्यांनी पाहिली असतील त्यांस ठाऊक आहे की, माथ्यावर शिक्का असे आणि मजकूर संपल्यावर शेवटी मोर्तब. शिक्क्याने हुकूम खरा ठरे आणि मोर्तब झाल्यावर पुढे कोणास काही घुसडता येत नसे. ह्यावरूनच आपण शिक्कामोर्तब हा शब्द वापरतो. पेशीतील हुकमाचीही रचना थेट अशीच आहे. आरंभी एक रासायनिक टोपी असते, हा शिक्का. शेवटी एकाच ‘ए’ अक्षराची लांबलचक शेपटी असते, नव्या हुकमावर दोनशेच्या आसपास, हे मोर्तब. शिक्क्याला एक प्रथिन धरते, शेपटीला दुसरे. ह्या दुसऱ्याचे नाव पी.ए.बी.पी.; ते पुढे पुन्हा भेटेल, म्हणून ध्यानात ठेवावे. दोघांच्या मध्ये एक दुवा साधणारे प्रथिन असते, आणि तिघे मिळून हुकमाची दोन टोके एकमेकांजवळ आणून त्याचे कडे करतात. असे कडे १९९८ साली सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष दिसले. ह्या कड्यामुळे रायबोसोमास सुरुवातीचे टोक सापडणे सोपे जाते आणि वाचन जोमाने चालते, असे मानतात. शिवाय दोन्ही टोके धरलेली असल्यामुळे हुकूम कुरतडणाऱ्या द्रव्यांना वाव मिळत नाही. वाचन आणि आयुष्य ही दोन्ही एकाच गाठीत बांधलेली आहेत, ती अशी.

कचेरीतील कागदावर मजकुराखेरीज समासात शेरे असतात. ‘तातडीचे’, ‘थांबवा’, ‘वर्षानंतर नष्ट करावे’. मजकूर काहीही असो, फाइलीचे नशीब शेऱ्यावर ठरते हे येथे बसलेल्या निवृत्त मंडळींस मी काय सांगावे! हुकमावरही मुख्य मजकुराच्या आधी आणि नंतर असे समास असतात. रायबोसोम त्यांचे भाषांतर करीत नाही. पूर्वी ह्या भागांकडे फारसे कोणी लक्ष देत नसे. आज कळते की शेरे तेथेच लिहिलेले असतात, आणि बिलगणारी प्रथिने नेमके तेच वाचतात.

ह्याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण लोहाचे आहे. ते जरा सावकाश सांगतो, कारण ते एकदा समजले की बाकीचे पुष्कळ आपोआप समजते. आणि शिवाय तो आपल्या घराघरांतला प्रश्न आहे. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. सर्वच रक्तक्षय लोहाच्या कमतरतेने होत नाही, पण ते एक मोठे कारण खचित आहे.

लोह पेशीला हवे, पण मोकळे लोह घातक. म्हणून पेशीजवळ दोन साधने असतात. फेरिटिन नावाचे प्रथिन म्हणजे लोहाची कणगी. एका कणगीत साडेचार हजारांपर्यंत लोहाचे अणू मावतात. दुसरे साधन म्हणजे पेशीच्या भिंतीवरचा दरवाजा, जो रक्तातील लोह आत घेतो. लोहाची चणचण असेल तेव्हा शहाण्या गृहिणीने काय करावे? कणगी बांधणे थांबवावे आणि दरवाजे वाढवावेत. सुबत्ता असेल तेव्हा उलट. पेशी नेमके हेच करते, आणि हे दोन्ही ती एकाच रखवालदाराकडून करवून घेते.

लोहाची वाण पडली की हा रखवालदार हुकमांवरील एक शेरा शोधत फिरतो. शेरा म्हणजे सुमारे तीस अक्षरांचा, केसांत खोवायच्या आकड्यासारखा वळलेला एक तुकडा. कणगीच्या हुकमावर हा आकडा अगदी आरंभी, शिक्क्याच्या जवळ असतो. रखवालदार तेथे बसला की रायबोसोमची वाटच अडते. हुकूम शाबूत, पण वाचन बंद. दरवाजाच्या हुकमावर तसेच पाच आकडे आहेत, परंतु ते शेवटच्या समासात. तेथे रखवालदार बसला म्हणजे वाचनाला अडथळा होत नाही. उलट, हुकमाला तेथून चिरणारी जी कात्री असते तिला जागा मिळत नाही, आणि हुकूम दीर्घायुषी होतो. माणूस एकच, शेरा एकच. माथ्यावर असला तर ‘थांबवा’, पायथ्याशी असला तर ‘जपून ठेवा’. एवढ्या थोड्या सामग्रीत एवढा चोख बंदोबस्त मी अन्यत्र पाहिलेला नाही.

लोह पुरेसे आले हे रखवालदाराला कळते कसे? रखवालदार खरे म्हणजे दोन भाऊ आहेत. थोरल्याच्या कुशीत लोह व गंधक ह्यांचा एक लहानसा खडा बसतो. खडा बसला की त्याला हुकूम धरता येत नाही आणि तो दुसऱ्याच कामाला लागतो. साखरेच्या ज्वलनाशी संबंध असलेले एक विकर म्हणून राबतो. धाकट्या भावाला तर लोह आल्यावर पेशी मोडूनच टाकते. हे दोघेही नसलेले उंदीर निर्माण करण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा त्यांचे गर्भ मातेच्या उदरात रुजण्यापूर्वीच नष्ट झाले.

आता रक्तक्षयाकडे या. रक्ताचा तांबडा रंग ज्या द्रव्याचा, त्याच्या निर्मितीची पहिली पायरी करणाऱ्या विकराच्या हुकमावरही आरंभी हाच आकडा आहे. म्हणजे लोह कमी पडलेल्या मुलीच्या अस्थिमज्जेत रक्त बनवण्याचे हुकूम लिहिलेले असतात, पण रखवालदार त्यांच्यावर बसून असतो. लोहच नाही तर बाकीची सामग्री रचून काय उपयोग, असा त्याचा हिशेब. गोळ्या सुरू झाल्या की सुमारे आठवडाभरात कोवळ्या तांबड्या पेशी वाढताना डॉक्टरांस दिसतात. त्याची कारणे अनेक आहेत, पण अडवलेले हुकूम मोकळे होणे हे त्यांपैकी एक. थोडे बरे वाटताच गोळ्या सोडून देणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे की, कणगीचे हुकूमही मग मोकळे झालेले असतात आणि ती भरायला आणखी काही महिने लागतात.

शेरा बिघडला तर काय होते? १९९५ साली इटली व फ्रान्समध्ये काही कुटुंबे सापडली. त्यांत लहान वयातच मोतीबिंदू होई, पिढ्यान्‌पिढ्या. रक्त तपासले तर फेरिटिन भलतेच वाढलेले, पण शरीरात लोह मात्र जास्त नाही. फेरिटिनच्या हुकमातील मजकुरात काही चूक नव्हती. चूक होती समासातील आकड्यात, आणि तीही एका अक्षराची. रखवालदाराला शेरा ओळखता येईना, हुकूम अहोरात्र वाचला जाऊ लागला, आणि कणग्यांचा ढीग डोळ्यांतील भिंगात साचून ते गढूळ झाले. अशा रुग्णाला लोह जास्त झाले आहे असे समजून कोणी त्याचे रक्त काढू लागला, तर त्याच्या मोतीबिंदूत काडीचा फरक न पडता उलट रक्तक्षय मात्र होईल.

ह्या पार्श्वभूमीवर पुण्याकडे वळू. पुणे विद्यापीठाच्या गणेशखिंड येथील आवारात राष्ट्रीय पेशीविज्ञान संस्था आहे. तेथील वासुदेवन शेषाद्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इन्शुलिनच्या हुकमाच्या आरंभीच्या समासाकडे लक्ष वळवले. साखर वाढताच वाचन वाढते, ह्याचा शेरा ह्याच समासातील एका छोट्याशा तुकड्यात आहे, हे त्यांनी २००७ साली दाखवले. मग प्रश्न आला की हा शेरा वाचतो कोण? त्यांनी उंदरांच्या स्वादुपिंडातील पेशीसमूह घेतले, त्यांना साखर दिली, आणि ह्या तुकड्याभोवती कोणकोणती प्रथिने जमतात ती वेचून ओळखली. २०११ साली हे काम प्रसिद्ध झाले.

जमलेल्यांत एक चेहरा ओळखीचा निघाला: शेपटी धरणारे पी.ए.बी.पी. ज्याची जागा मोर्तबापाशी, तो येथे शिक्क्याजवळच्या समासात हजर! दुसरा पाहुणा त्याहून अनपेक्षित होता. त्याचे नाव पी.डी.आय. ह्याचा मूळ धंदा प्रथिनांच्या घड्या नीट घालण्याचा. इन्शुलिनच्या साखळ्यांत गंधकाचे तीन सांधे असतात. असे सांधे जुळवणे हे ह्याचे काम. तो स्वतः हुकमाला हात लावीत नाही, असे आढळले. तो पी.ए.बी.पी.मधील गंधकाचे सांधे सोडवतो, आणि मग पी.ए.बी.पी. इन्शुलिनच्या शेऱ्याला घट्ट धरते. पी.डी.आय. काढून टाकले की साखर देऊनही वाचन वाढत नाही.

मला ह्यातील खुबी अशी वाटते की, पुढे ज्याला माल घडी घालायचा आहे त्याच्याच होकारावाचून माल तयार करण्याचा हुकूम जोराने वाचला जात नाही. पैठणीचा गिऱ्हाईक दारात आला म्हणून माग दुप्पट चालवायचा, पण घडी घालणारा हजर आहे ना, हे आधी पाहायचे. येवल्याच्या विणकराला ही रीत नवी वाटणार नाही. अर्थात ह्यावरून मधुमेहावर औषध निघाले असे कोणी समजू नये. हे उंदरांच्या पेशींतील काम आहे. पण दिवसभर साखर चढलेलीच राहिली तर ह्या पेशींवर हुकूम वाचण्याचा किती ताण पडत असेल, ह्याचा अंदाज त्यावरून येतो.

इन्शुलिनच्या हुकमाची दुसरी बाजू आयुष्याची. बहुतेक हुकमांचे आयुष्य थोडे असते. शेपटी हळूहळू आखूड होते, पी.ए.बी.पी.ला धरायला जागा उरत नाही, शिक्का उतरवला जातो, आणि कागद टरकावला जातो. काहींच्या बाबतीत ही घाई मुद्दाम केलेली असते. शरीरात दाह पेटवणारे टी.एन.एफ. नावाचे प्रथिन आहे. त्याच्या हुकमाच्या शेवटच्या समासात ‘ए’ आणि ‘यू’ ह्या अक्षरांची दाट वस्ती असते. टी.टी.पी. नावाचे प्रथिन ती ओळखते आणि हुकूम लवकर नष्ट करवते. हे प्रथिन नसलेले उंदीर १९९६ साली तयार केले गेले. ते खंगले, त्यांना त्वचेचे विकार झाले आणि सांधे सुजले. आग पेटवण्याचा हुकूम हवा, पण तो वेळेवर फाडणाराही हवा. संधिवाताच्या काही रुग्णांना आज टी.एन.एफ.ला अडवणारी औषधे देतात, ती ह्याच आगीवर.

जाता जाता एक खुलासा. पुण्याच्याच जेनोव्हा कंपनीच्या संदेशवाही आर.एन.ए.च्या कोविड लशीला जून २०२२ मध्ये आणीबाणीच्या वापरासाठी परवानगी मिळाली. ती साध्या शीतकपाटात, २ ते ८ अंशांत टिकते म्हणून तिचे कौतुक झाले, आणि ते योग्यच आहे. पण तो टिकाऊपणा कुपीतला. हुकूम एकदा पेशीत शिरला की थंडीचा प्रश्न संपतो. तेथे शिक्का, शेपटी आणि त्यांना धरणारी प्रथिने ह्यांच्यावरच त्याचे आयुष्य ठरते.

इन्शुलिनचा हुकूम मात्र चिरंजीवांपैकी आहे. तो एका दिवसाहून अधिक टिकतो आणि साखर वाढली की आणखी लांबतो. त्याच्या शेवटच्या समासाला पी.टी.बी. नावाचे प्रथिन बिलगते आणि त्याचा सांभाळ करते. स्वीडन आणि जर्मनीतील संशोधकांनी एकविसाव्या शतकाच्या आरंभी ही गोष्ट उलगडली. ह्या पी.टी.बी.चे घराणे फार जुने आहे. इतके की वनस्पतींतही त्याच्या शाखा आहेत. आणि कोणत्या वनस्पतीत हे काम नावारूपाला आले असेल? मधुमेह्याने ताटात वाढून घेताना जिच्याकडे चोरून पाहावे, त्या बटाट्यात!

बटाटा जमिनीत धरतो, पण तो धरण्याची वेळ पानांना कळते. दिवस लहान आणि रात्री मोठ्या झाल्या की पाने खाली निरोप धाडतात. हा निरोप म्हणजे बी.ई.एल.५ नावाच्या प्रथिनाचा हुकूम, साक्षात संदेशवाही आर.एन.ए. तो पानातून निघून अन्नरसाच्या नलिकांतून जमिनीखालच्या देठांपर्यंत प्रवास करतो, आणि तेथे वाचला गेला म्हणजे देठाचे टोक फुगून बटाटा होतो. अमेरिकेतील आयोवा येथे डेव्हिड हॅनापेल ह्यांच्या प्रयोगशाळेत हे उघडकीस आले. २००६ सालच्या त्या शोधनिबंधाचे पहिले लेखक अंजन बॅनर्जी पुढे पुण्यात पाषाण येथील भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत आले, आणि काम दोन्हीकडून चालू राहिले. प्रयोग केले ते दिवसाच्या लांबीला फार काटेकोर असलेल्या, मूळच्या अँडीज पर्वतातील जातीवर. आपल्याकडे आंबेगाव तालुक्यातील सातगाव पठारावर पावसाळ्यातही बटाटा घेतात, ते वाण इतके हट्टी नाहीत.

एवढा लांबचा प्रवास नागव्या कागदाने कसा करावा? त्याला संरक्षक हवा. २०१५ साली ह्या मंडळींनी दाखवले की, बटाट्यातील पी.टी.बी. घराण्याची दोन प्रथिने ह्या हुकमाच्या शेवटच्या समासाला धरतात. ज्या रोपांत ही प्रथिने वाढवली त्यांत हुकूम अधिक टिकला, खाली अधिक पोचला आणि बटाटे जास्त लागले. ज्यांत ती दडपली, त्यांत हुकूम वाटेतच विरला आणि बटाटे कमी भरले.